बायची दोरी

शरयूबाय गेल्याचा फोन आला तेव्हा मी पालीच्या बाजारात सुरण निवडत उभा होतो. फोन तिच्या शेजारणीचा. "भाऊ, तुम्ही निघून या," एवढंच त्या म्हणाल्या; पुढचं विचारायची गरज पडली नाही. सुरण पुन्हा ढिगावर ठेवला, समोरून आलेली रत्नागिरीची एसटी धरली आणि खिडकीशी बसून राहिलो. हातखंब्यापर्यंत डोळ्यांत टिपूस आलं नाही. मग एकाएकी आठ दिवसांपूर्वीची दुपार आठवली... पुण्याच्या छापखान्यातून पार्सल आलं होतं. बायचं पुस्तक. कुणा अनामिक चिनी नावाड्यानं काही शतकांपूर्वी लिहून ठेवलेली समुद्रवाटांची वही तिनं थेट चिनीतून मराठीत आणली होती, मधे इंग्रजीची होडी न करता, असं ती म्हणायची. या एका वहीवर तिची तीसहून अधिक वर्षं गेली. सुतळी मी कापली. तिनं मुखपृष्ठ पाहिलं नाही, स्वतःचं नाव पाहिलं नाही. लोक जिथं अर्पणपत्रिका घालतात तिथं तिनं शुद्धिपत्र घातलं होतं. तेही छपाईच्या चुकांचं नव्हे, संशोधनात तिनं स्वतः आयुष्यभर केलेल्या चुकांचं. ओळीनं, आणि कुठली चूक कुणी दाखवून दिली त्याच्या नावासकट. भिंग घेऊन तिनं ती दोन पानं वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाली, "सगळ्या आल्या." मग चहा मागितला. ते "सगळ्या आल्या" आठवलं आणि मी भर एसटीत रडलो. कंडक्टरनं विचारलं, "आजोबा, उतरायचंय का?" म्हटलं, नाही बाबा, स्टँडपर्यंत जायचंय.

आज सव्वा महिना झाला. पुरवणीसाठी लिहा असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी आधी नकोच म्हणालो. बायवर लिहायला विद्वान माणसं आहेत, इथली आहेत आणि तिकडचीही. मी तिचा धाकटा भाऊ, पेशानं सरकारी भूकरमापक, म्हणजे लोकांच्या बांधांची मोजणी करून दोन्ही बाजूंच्या शिव्या खाणारा माणूस. चिनी इतिहासातलं मला ओ की ठो कळत नाही. पण त्या शुद्धिपत्रातली पहिली चूक मी या डोळ्यांनी पाहिलेली आहे, आणि बायला पुढं जो मान मिळाला त्याचं मूळ त्या चुकीत आहे असं माझं ठाम मत आहे. विद्वान मंडळी ती गोष्ट तळटीपेत घालतील. मला ती मधोमध सांगायची आहे.

आम्ही मूळचे नाट्याचे, म्हणजे नाटे या बंदरगावचे. बाबा बोटीवर खलाशी; वर्षातून एकदा घरी यायचे, आले की अंगणात बसून जाळं विणायचे आणि कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. एका खेपेला त्यांनी भिंतीवरचं एक कॅलेंडर आणलं. सिंगापूरच्या धक्क्यावर बोटींना सामान पुरवणाऱ्या कुणा चिनी दुकानदारानं दिलेलं. वर्ष संपलं, पण कॅलेंडर काही उतरलं नाही, कारण बायचा त्याच्यावर जीव जडला होता. ती तेव्हा सात-आठ वर्षांची. खालच्या पट्टीतल्या अक्षरांवर बोट ठेवून तिनं बाबांना विचारलं, "ह्ये काय लिवलंय?" बाबा म्हणाले, "मला काय ठावं? त्यानं दिलान, मी घेतलं." त्या दिवाळीला तिनं तुळशीपुढं ठिपक्यांची रांगोळी काढली नाही, ती अक्षरं काढली. पुढं सात-आठ वर्षं आमच्या दारात दर दिवाळीला तीच अक्षरं. बाया वाट वाकडी करून बघायला यायच्या. फार नंतर, ती दिल्लीला चिनी शिकत असताना तिचं पत्र आलं, की अर्थ लागला. दोर, शिडाचं कापड, डांबर आणि डुकराची चरबी रास्त भावात मिळेल, असं ते होतं. मी आईला वाचून दाखवलं. आईनं हातातली परडी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हंजे इतकी वर्सं आपल्या तुळशीपुढं डुकराची चरबी व्हती?" मी मान खाली घालून हसू दाबलं. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "त्यातला दोर कुठचा? तेवढा ठेवूया." आई होती तोवर आमच्या रांगोळीच्या एका कोपऱ्यात ते एक अक्षर असायचं.

बायनं चिनी घेतलं तेव्हा चीनशी लढाई होऊन फार वर्षं झालेली नव्हती. गावात कुजबुज झाली. मास्तरांनी बाबांना रस्त्यात गाठून विचारलं, पोरीला शत्रूची भाषा कशाला? बाबा क्वचित बोलायचे, पण बोलले की विषय संपायचा. "माज्या बोटीवर रांधपाला चिनी व्हता," ते म्हणाले, "चार वर्सं त्याच्या हातचं जेवलंय. शत्रू असता तर आज तुमच्याशी बोलाय उभा नसतो." मास्तर हसले आणि निघून गेले. बाय आधी पुण्याला, मग दिल्लीला, मग दोन वर्षं शिष्यवृत्तीवर खुद्द चीनला जाऊन आली आणि इतक्या उठाठेवी करून शेवटी रत्नागिरीच्या कॉलेजात इतिहास शिकवायला लागली. खाडीकडच्या आळीत दोन खोल्या घेतल्या. लग्न केलं नाही. का, म्हणून एका मावशीनं फारच खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "मावशी, ठरवलं नव्हतं हो. राहून गेलं." खरं तर तिचं लग्न त्या नावाड्याच्या वहीशी लागलं होतं. चीनहून येताना ट्रंकेत तिनं त्या हस्तलिखिताची छायाप्रत आणली होती. कुठल्या वाऱ्यावर किती वेळ चालायचं, पाणी किती वाव लागेल, आणि दोरीला शिशाचा गोळा बांधून खाली सोडला तर तळाचं काय चिकटून वर येईल, एवढाच मजकूर. त्यातली काही पानं आपल्या किनाऱ्याची.

वाव म्हणजे काय ते हल्ली सांगावं लागतं. दोन्ही हात आडवे पसरले की या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर. आपले दर्यावर्दी पाण्याची खोली वावेनंच मोजत आले, आणि बायच्या वहीतला चिनी नावाडीही तशीच मोजत होता, हातांनी. वहीचं इंग्रजी भाषांतर तिला मिळालं होतं. ते करणाऱ्यानं सगळ्या वावांचे फूट करून टाकले होते आणि तळाला चिखल असो, गाळ असो की रेंदा, सगळ्याला एकच शब्द घातला होता. बाय चिडली. तिनं तेव्हाच ठरवलं की ही वही मराठीत आणायची आणि प्रत्येक शब्द बंदरावर नेऊन विचारल्याशिवाय कागदावर ठेवायचा नाही. म्हणून ती नाट्याच्या गोविंद तांडेलाकडे जायला लागली. गोविंदआबा म्हणजे मचव्याचा मालक, वयानं बाबांच्या खालोखाल, अक्षरशत्रू, पण समुद्राचा तळ त्याला घरच्या शेणानं सारवलेल्या जमिनीसारखा पाठ. बाय एकेक चिनी शब्द समजावून सांगायची आणि आबा डोळे मिटून ऐकून म्हणायचा, "ह्याला आमी रेंदा म्हनतो," किंवा "नाय गो, ही रेव, पुळण न्हवं." असा तिचा शब्दकोश वाढत गेला.

वहीत एक मुक्काम होता त्याचं नाव कुणालाच लागत नव्हतं. पाणी इतकी वाव, तळाला मऊ काळा चिखल, समोर लाल कडा. जांभ्याचा लाल कडा म्हटल्यावर आमच्या किनाऱ्यावर कुठंही बोट ठेवा. बायनं बोट ठेवलं ते नाट्याच्या खाडीच्या तोंडाशी. तिनं तिथला तळ काढून पाहिला होता, चिखल काळा आणि लोण्यासारखा मऊ. तिनं लेख लिहिला, तो मोठ्या नियतकालिकात छापून आला, वर्तमानपत्रांनी उचलला, आणि चिनी जहाजं नाट्याला येत होती म्हणून गावात आनंदीआनंद झाला. लेखाच्या जोरावर एका विद्यापीठानं तिला वरच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावलं. कुठलं ते सांगत नाही. स्वतंत्र खोली, ग्रंथालय, चीनला जायची सोय, तिला हवं ते सगळं त्या जागेत होतं. तिकडे गावानं माघात सत्कार ठरवला. शाळेच्या पटांगणात मांडव, शाल, नारळ, आणि बंदराच्या वाटेवर लावायला एक मोठा रंगवलेला फलक. तो बायच्या हस्ते उघडायचा होता.

सत्काराच्या आदल्या आठवड्यात ती छापलेला लेख घेऊन आबाला दाखवायला गेली. मीही बरोबर होतो; सत्कारासाठी आबानं त्या आठवड्यात मचवा बंदरातच लावून ठेवला होता. आबाला वाचता येत नव्हतं म्हणून तिनं ओट्यावर बसून सगळा लेख मराठीत सांगितला. आबा ऐकत होता. चिखलापाशी आल्यावर त्यानं हात वर केला. "बाय, ही माती तू कदी काढलंस?" "श्रावण सरताना," बाय म्हणाली, "नारळी पौर्णिमेचा नारळ पडल्यावर पहिला मचवा बाहेर गेला तेव्हा. तुमचाच होता की." आबा म्हणाला, "मंग ती दर्याची न्हवं. ती नदीची. पावसाची पाव्हणी. दिवाळी झाली का निघून जाते."

बायनं लेख मिटला. इथं वाचकांना एक सांगायला हवं. तांडेल माणूस घरी सापडतो तो पावसाळ्यातच, होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा. एरवी तो समुद्रावर. त्यामुळं बायची वर्षानुवर्षांची सगळी विचारपूस पावसातली, आणि आबानं सांगितलेला तळही पावसाचाच. पण शिडाचं परदेशी जहाज या किनाऱ्याला पावसात कशाला मरायला येईल? ते येणार कोरड्या दिवसांत. म्हणजे नावाड्यानं लिहिलेला तळ माघ-फाल्गुनातला, आणि बायनं काढलेला भादव्याच्या तोंडचा. दुसऱ्या कुणाची ही चूक झालीच नसती, कारण दुसरा कुणी तांडेलाच्या ओट्यावर बसलाच नसता. "चला," ती आबाला म्हणाली, "आत्ता टाकून बघू." आम्ही तिघं मचव्यानं खाडीच्या तोंडाशी गेलो. शिशाच्या गोळ्याला खालून खळगा असतो, त्यात चरबी भरतात, तळाचं काय ते त्याला चिकटतं. गोळा वर आला तो पांढऱ्या रेवेनं माखलेला. बायनं चिमूट चोळून पाहिली, जिभेवर ठेवून पाहिली. तीनदा टाकायला लावला आणि तिन्हीदा रेव. मी जमिनीवरचा माणूस, मचव्याच्या काठावर ओणवा होऊन पोटातलं सगळं समुद्राला देत होतो. वरून तिचा आवाज आला, "भाऊ, रविवारी सत्कार आहे." मी तसाच म्हणालो, "मग आजारी पड."

ती आजारी पडली नाही. रविवारी ठरल्या वेळी मांडवात आली, शाल घेतली, नारळ घेतला, खुर्चीवर बसून सगळी भाषणं ऐकली. सरपंचांनी फलकाची दोरी तिच्या हातात द्यायला पुढं केली तेव्हा ती उठली आणि माईकपाशी गेली. "मी चुकले," ती म्हणाली. "ते बंदर हे नव्हे. मला ते आपलंच असावं असं वाटत होतं, म्हणून मी नीट विचारलं नाही." आणि मग तिनं वर्गात शिकवावं तसं पावसाचा चिखल आणि माघातली रेव समजावून सांगितली. गोविंदआबा मागून उठला आणि म्हणाला, "चूक माजी. मी पावसाचा सांगितला." बाय तिथूनच म्हणाली, "आबा, मी विचारलं तेवढं तुम्ही सांगितलंत. महिना विचारायचं काम माझं होतं." मी पहिल्या रांगेत बसलो होतो. शरमेनं मान वर होईना. आज ते लिहिताना मान ताठ होते, पण तेव्हा नव्हती, हे कबूल करतो.

सभा मोडल्यावर गावात वाद झाला की शाल-नारळ परत मागायचा की काय. शेवटी एका जुन्या माणसानं निवाडा दिला, दिलेला नारळ मागं घेत नाय. फलक मात्र कुणाच्या तरी गोठ्याच्या कुडाला लागला, अक्षरं आतल्या बाजूला करून. पुढं कित्येक वर्षं बकऱ्यांनी तो वाचला. बायनं त्याच आठवड्यात नियतकालिकाला पत्र लिहून आपला लेख स्वतःच खोडून काढला. पुण्याच्या एका हितचिंतकांनी तिला सुचवलं होतं की मुलाखत होईपर्यंत थांबा, महिन्यानं काय बिघडतं? ती थांबली नाही. मुलाखतीत त्यांनी विचारलं, लेख चुकीचा असं तुम्हीच म्हणता, मग आम्ही वाचायचं तरी काय? "दुरुस्ती वाचा," बाय म्हणाली, "ती लेखापेक्षा चांगली आहे." जागा दुसऱ्याला मिळाली. ती रडली. मी पाहिलं. ओसरीवर बसून, पदर तोंडात धरून, लहान मुलीसारखी रडली, आणि दोन दिवस कॉलेजात गेली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गोविंदआबा एसटीनं रत्नागिरीत हजर. खांद्यावर दोरीचं वेटोळं, पिशवीत शिशाचा गोळा. दर पाच वावांवर लाल चिंधी बांधलेली ती त्याची स्वतःची पाणी मोजायची दोरी. "माज्या मचव्यावर आता मशीन इलाय," तो म्हणाला, "तो सांगतो खोली. ही तुला." मग जरा थांबून म्हणाला, "पण मोजताना पयल्याला एक म्हनू नको. लाभ म्हन." भात मापताना पहिल्या पायलीला आपण एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, तसंच. बायनं दोरीचं टोक छातीशी धरलं, हात पसरले आणि तिथंच दारात मोजायला सुरुवात केली. लाभ, दोन, तीन... तिची तेवीस भरली. आबाची वीस. दोरी एकच, हात वेगळे. तिनं दोन्ही आकडे पेन्सिलीनं दाराआडच्या भिंतीवर लिहिले, नावांसकट, आणि दोरी तिथल्याच खुंटीला टांगली.

तेव्हापासून घरी येईल त्याला ती दोरी मोजायला लावायची. विद्यार्थी, प्राध्यापक, वीजबिलवाला, सगळे हात पसरून उभे राहायचे, लाभ म्हणायचे, आणि भिंतीवर नाव चढायचं. मी कधी मोजली नाही. तिनं शंभरदा सांगितलं, मी शंभरदा नाही म्हटलं. मी साखळीनं आणि टेपनं मोजणारा माणूस. हातागणिक बदलतं ते माप कसलं? यावरून आमची वादावादी ठरलेली असे. एकदा मी तिला चिडवायला म्हणालो, "तुझा चिनी किती उंच होता ते ठाऊक आहे का? नसेल तर त्याचे आकडे घेऊन काय लोणचं घालायचंय?" ती बोलता बोलता थांबली. माझ्याकडे असं बघायला लागली की मला वाटलं, आता ओरडणार. म्हणाली, "भाऊ, ते काढता येईल?"

ते काढायला आम्हाला तीन वर्षं लागली. युक्ती साधी होती आणि ती माझी होती, हे मी छाती काढून सांगतो. गाळानं खोली बदलते, कातळानं बदलत नाही. वहीत जिथं जिथं तळाला खडक लिहिला आहे आणि ठिकाण पक्कं माहीत आहे, तेवढीच घ्यायची. भरती-ओहोटी वजा करायची. आजची खोली त्याच्या वावांशी ताडून बघायची. सुट्टीच्या दिवशी मी नकाशे पसरून बसायचो आणि बाय वहीतून आकडे सांगायची. दर ठिकाणी त्याच्या वावा थोड्या जास्त भरत होत्या, आणि जवळजवळ सारख्याच हिशेबानं जास्त. म्हणजे हात आखूड. आकडेमोड संपली त्या दुपारी मी कागद तिच्यापुढं सरकवला. तिनं पाहिलं, भिंतीपाशी गेली, हात पसरून स्वतःशी काही ताडून पाहिलं आणि आनंदानं मागं वळली. "बुटका होता रे माझा नावाडी," ती म्हणाली, "माझ्याएवढाच." एवढी खूश मी तिला ना आधी पाहिली, ना नंतर.

त्याचे हात कळले आणि कोरड्या दिवसांचा तळ कळला, मग नाव न लागणारा मुक्काम आपोआप लागला. तो नाट्याच्या बराच उत्तरेला, एका निर्मनुष्य बावेत, किनाऱ्यात शिरलेल्या छोट्या आखातात, निघाला. आम्ही फाल्गुनात तिथं होडीनं जाऊन गोळा टाकला, कोरड्या दिवसांतही टिकलेला काळा चिखल वर आला, आणि गाळाची भर धरली तर पाणीही त्याच्या हिशेबानं बरोबर. वर लाल कडा आणि त्यावर जांभ्याचा सपाट सडा, खाली केवड्याची चार झुडपं, आणि एक टिटवी. सत्कार करायला कुणी नव्हतं. बायनं पिशवीतून नारळ काढला, नाट्याच्या लोकांनी परत न मागितलेल्या नारळाच्या नावानं हा, असं म्हणून फोडला आणि आम्ही खोबरं खाल्लं.

हे सगळं तिनं लिहिलं, आणि या वेळी मागं घ्यावं लागलं नाही. चीनमधल्या एका विद्यापीठातून प्राध्यापक लिन यांचं पत्र आलं. त्यांनी आधी तिचं चूक कबूल करणारं पत्र वाचलं होतं, आणि जी बाई स्वतःचा लेख असा खोडते तिचा पुढचा लेख शोधून वाचायचा असं तेव्हाच ठरवलं होतं. पुढं ते स्वतः रत्नागिरीला आले. साठीचे, शांत, आमच्या जेवणातल्या तिरफळाला घाबरून असलेले गृहस्थ. बायनं त्यांना नाट्याला नेलं. गोविंदआबा तेव्हा नव्वदीकडे झुकलेला, डोळे गेलेले, ओट्यावर बसून होता. बायनं दोरी लिनसाहेबांच्या हातात दिली. त्यांनी कुणी काही सांगायच्या आत टोक डाव्या मुठीत घेतलं, दोरी छातीवरून आडवी ताणली आणि मोजू लागले. आबानं चाचपडत त्यांच्या पसरलेल्या हातावरून आपला हात फिरवला. "बरोबर," तो म्हणाला. "कुनी शिकवलान?" बायनं चिनीत विचारलं. लिनसाहेब म्हणाले, वडिलांनी, ते होडी चालवायचे. बायनं ते मराठीत सांगितलं. आबा म्हणाला, "मला पन बापानंच." त्या दिवशी परतल्यावर भिंतीवर लिनसाहेबांचं नाव चढलं, बावीस वाव. जाताना ते बायला म्हणाले, इतकी वर्षं आम्ही त्या नावाड्याची अक्षरं वाचतो आहोत, त्याची उंची कुणी विचारली नाही. बायनं ते मला सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं, मी विचारली होती. चिडवायला का असेना.

मग त्यांनीच तिला तिकडे व्याख्यानाला बोलावलं. भरल्या सभागृहात ती तासभर चिनीत बोलली आणि संपल्यावर लोक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. लिनसाहेबांनी नंतर पत्रात गमतीनं लिहिलं होतं की तुमच्या बहिणीचं चिनी निर्दोष आहे, फक्त वाक्याच्या शेवटाला एक हेल आहे, तो आमच्या कुठल्या प्रांताचा ते आम्हाला ठरवता आलं नाही. मी पत्र वाचून इतका हसलो की चष्मा काढावा लागला. नाट्याचा हेल. पुणे, दिल्ली, चीन, कुठल्या गुरुजींना तो घालवता आला नाही. ज्या विद्यापीठानं तिला जागा दिली नव्हती तिथले विद्यार्थी पुढं एसटीनं रत्नागिरीला यायला लागले, तिच्या पायरीवर चपला काढायला लागले, आणि आत शिरल्याबरोबर ती त्यांना हात पसरायला लावायची. ही वही मराठीत येईपर्यंत मी मरणार नाही, असं ती म्हणायची. शब्दाची पक्की होती. वही मराठीत आली, छापून आली, चुका सगळ्या आल्या, आणि आठ दिवसांनी ती सकाळचा चहा पिऊन खुर्चीतच गेली. मला दुःख आहे, खूप आहे. पण तिचं काही राहून गेलं असं मी म्हणणार नाही. बाय जिंकून गेली.

गेल्या रविवारी तिची खोली आवरायला गेलो होतो. खरं म्हणजे आवरायचं काही नाही, पुस्तकं तिच्या विद्यार्थ्यांनी जिथल्या तिथं लावून ठेवलीत. दार लोटलं. दाराआड खुंटीला दोरी होती, शेजारी भिंतीवर नावं. सगळ्यात वर गोविंद तांडेल, वीस. खाली शरयू, तेवीस. त्याच्या खाली, तिच्याच अक्षरात, जुन्या, पुसट झालेल्या पेन्सिलीनं: भाऊ. आणि पुढं रिकामी जागा. मग बाकीचे सगळे, लिनसाहेबांसकट, त्याच्या खाली. म्हणजे दोरी आली त्याच दिवशी तिनं माझं नाव लिहून ठेवलं होतं आणि इतकी वर्षं मला त्याबद्दल काही बोलली नव्हती. मी तिथं पाहुण्यासारखा येऊन खुर्चीवर बसायचो, दाराआड बघितलं कुणी?

दोरी उतरवली. चिंध्यांचा लाल रंग उडाला आहे, पण गाठी घट्ट आहेत. चष्मा खिशात ठेवला, टोक डाव्या मुठीत धरलं, लिनसाहेबांनी धरलं होतं तसं, आणि दोन्ही हात जेवढे पसरले तेवढे पसरले. खांदा दुखला. खोलीत कुणी नव्हतं, तरी आयुष्यभर टेपनं मोजलेल्या माणसाला लाज वाटायची ती वाटलीच. मग मोठ्यानं म्हणालो, "लाभ."